जवसाच्या फुलाची लोकर

१८ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. अक्षर मला येत न्हाई. मी सांगते अन् सून साधना लिहिती. साधनाबद्दल वाईट सांगितलं तर तेबी तिनंच लिहायचं, असं आधीच ठरलंय.
नातसून भावना बाळंतपणाला माहेरी गेली, टेंभुर्णीला. आमच्या हरिओमचं पहिलं लेकरू. म्हणून निश्चय असा: बारशाला लेकराच्या डोक्यावर पहिलं नवं टोपरं चढंल ते पणजीच्या हातचं. भावनाच्या आईला, पुष्पाबाईला, फोन लावून सांगितलं, तुम्ही टोपरं आणू नका, विणू तर बिलकुल नका. बाई क्रोशाची उस्ताद हाय, आधीच सांगितलेलं बरं. ती नुसतं बरं म्हणली. इतक्या लवकर ऐकणाऱ्या बाईवर नजर ठेवावी लागती.

१९ नोव्हेंबर
जालन्याला देवानंदच्या लोकरीच्या दुकानात गेल्ते. नुसतं बघायला. पंच्याहत्तरीच्या पुढं एसटीला तिकीट न्हाई, मंग खर्च कशाचा?
आमचा जन्म मेंढराच्या लोकरीत गेला. काळी, राठ. तिची घोंगडी पाऊस अडवती पण मानेला रात्रभर टोचती. देवानंदच्या फळीवरची लोकर गालाला लावली तर सशाचं पिल्लू. एक गुंडा तर असा निळा निघाला की काय सांगू. जवसाच्या फुलाचा निळा, तोबी सकाळचा, ऊन चढायच्या आधीचा. देवानंद म्हणला, आजी, गालाला लावून झालं असंल तर पिशवीत टाकू का? चेष्टा करतो मेला. टोपऱ्याला एक गुंडा पुरतो. तीन घेतले. एकटा गुंडा पिशवीत घाबरतो.

२८ नोव्हेंबर
विणायला घेतलं न्हाई. कारण हाय. लेकरू पोटात असताना त्याच्यासाठी नवं कापड करू नये, आपल्यात चालत न्हाई. जन्मल्यावरबी आधी जुनेर, मंग नवं. साधना म्हणती, मंग लोकर कशी आणली? अगं, लोकर म्हणजे कापड न्हाई. ज्वारी आणली म्हणजे भाकर झाली का?

२ डिसेंबर
अंबडला डोळे दाखवायला गेल्ते. दवाखान्याला लागूनच वर्षाराणीचं लोकरीचं दुकान निघालं, त्याला मी काय करू. एक हळदी रंगाची घेतली, एक कोवळ्या हरभऱ्याच्या पानाची. निळ्याला सोबत. डोळे दाखवायचे राहून गेले. पण रंग बराबर दिसले, म्हणजे डोळे चांगले हायत.
सगळी लोकर ज्वारीच्या कोठीत दडवली. माझ्या लेकाला, रामेश्वरला, घावलीच. म्हणला, माय, आपल्या मेंढरांच्या अंगावर एवढी न्हाई. मी म्हणलं, मेंढरांना रंगबी एकच येतो.

१४ डिसेंबर
पोरगा झाला. दोघं खुशाल. आता कसलीच आडकाठी न्हाई. उद्या सकाळी सुया हातात. आज पेढे.

१७ डिसेंबर
सुरू केलं. म्हणजे निळा गुंडा मांडीवर घेतला. त्याचा कागदी पट्टा सोडवायला जीव होईना. दुपारपर्यंत नुसतं बघून राह्यले. एकदा सोडला की तो गुंडा राहत न्हाई, हे लोकांना कळत न्हाई.
मंग आधी हळदीवर हात बसवून घेतला. अंकुशनगरला कारखान्याच्या कॉलनीत कामाला जायचे, तिथल्या बायांचं बघून बघून शिकलेलं. हात विसरत न्हाई. चार ओळी विणल्या, सहा उसवल्या. ते कसं, हे साधनाला समजावून सांगायची गरज न्हाई.

२० डिसेंबर
मापाची अडचण. लेकरू टेंभुर्णीला, मी इथं. साधना म्हणती, पुष्पाबाईला फोन करून डोक्याचं माप विचारा. म्हणजे मीच जाऊन तिच्या दारात उभं राहायचं. जमणार न्हाई.
देवानं सोय केली. काल मेंढी व्याली. पिल्लूबी तसंच नवं, तसंच ऊन ऊन, मानबी तशीच लटपटती. सुतळीनं त्याच्या डोक्याचं माप घेतलं, जरा वाढतं धरलं. साधना पदर तोंडात घालून बाहेर गेली. सर्दी झाली असंल तिला. थंडी लय हाय.

२४ डिसेंबर
टोपरं तयार. निळं, काठाला हळदी. नजर हटत न्हाई. जरा निमुळतं झालंय, राजबिंडं दिसंल. साधना म्हणती, आत्याबाई, कानाच्या जागा इतक्या वर कशाला? म्हणलं, सध्या फॅशन हाय. उद्या बारसं. पुष्पाबाईचं तोंड बघायचंय.

२६ डिसेंबर
बारसं झालं.
टोपरं डोक्यात शिरलं न्हाई. वरच बसलं, कळसावानी. पोरीबाळी हसल्या. हरिओम म्हणला, फोटो काढायच्या आधी ते काढा. काढलं, तर घालायला दुसरं न्हाई. कुणी आणलंच नव्हतं, मीच आणू दिलं न्हाई. उघड्या डोक्यानं पाळण्यात घालायचं का, म्हणून बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.
पुष्पाबाईनं टोपरं माझ्या हातातून घेतलं अन् आतल्या खोलीत गेली. मी मागं गेले. तिनं दोऱ्याचं टोक शोधलं अन् ओढलं. सगळं उसवलं. लोकर तिच्या मांडीवर पडली तेव्हाबी सुंदरच दिसत होती. मंग तिनं क्रोशाची सुई काढली. लेकराचं डोकं एकदा तळव्यात धरून बघितलं, तेवढंच तिचं माप. बायांची पंगत उठंपर्यंत टोपरं झालं. गोल, मऊ, कान झाकणारं.
पाळण्यापाशी सगळ्या विचारायला लागल्या, कुणी विणलं, कुणी विणलं. मी तोंड उघडायच्या आधी पुष्पाबाई म्हणली, "पणजीनं. दुसऱ्या कुणाच्या हातचं चढवायचं न्हाई, असं ठरलंय आमचं."
लोकर माझीच होती, म्हणजे अगदीच खोटं न्हाई. बायांनी माझे हात हातात घेऊन बघितले. या वयात असे टाके, म्हणल्या. एक तर पाया पडली. पुष्पाबाई तिकडं पत्रावळ्या गोळा करून राह्यली होती.
आज साधना वही घेऊन बसली अन् विचारती, आत्याबाई, हे कसं लिहू? म्हणलं, झालं तसं लिही. फक्त वरची तारीख खोडून टाक, म्हणजे कोणत्या बारशाचं ते कळणार न्हाई.
खोडली म्हणती.