परत करायचं पदक

बाबा, तुमचं पदक परत द्यायला गेलो होतो, त्याला आता बरीच वर्षं झाली. तिथे काय झालं ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं आहे.

युरोपातल्या एका राजाची मुंबईत वकिलात होती, तिथे तुम्ही कारकून. राजाने इथल्या कुणाला मानाचा क्रॉस दिलेला असला, की तो माणूस वारल्यावर क्रॉस घरून परत आणायचा, हे तुमचं काम. घर कुठल्याही धर्माचं असो, हिशेब आपल्या वटार गावच्या चर्चचा. माणूस गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना होते, तेवढा काळ गेल्याशिवाय तुम्ही दारात जात नसा. एकदा मीही तुमच्यासोबत आहे. म्हातारी विधवा चहा देते, नवऱ्याच्या तक्रारी सांगते, तुम्ही क्रॉसचं नावही काढत नाही. शेवटी तीच तो रुमालात गुंडाळून आणते. बाहेर आल्यावर मी विचारलं, दिलेलं परत कशाला घ्यायचं? तुम्ही चिडलात. "दिलेलं नसतं ते. सांभाळायला ठेवलेलं असतं."

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा विरारकडे इमारती उठू लागल्या होत्या. राजाने तुम्हालाही पदक दिलं. दर सणाला ते लग्नातल्या कोटावर लावून तुम्ही चर्चला जायचात आणि कुणी विचारो न विचारो, सांगायचात, की माझ्यामागे हे राजाकडे परत जायचं आहे. कोटाची बटणं लागत नव्हती, पण ऐट पूर्ण. तुम्ही गेलात तेव्हा आईला ते तुमच्या छातीवर ठेवूनच पेटी बंद करायची होती. राजाची वस्तू आहे, असं म्हणून मी तिला अडवलं. पदक काढून तिने माझ्या हातात दिलं.

महिन्याची मिस्सा झाल्यावर मी वकिलातीत गेलो. तुमच्या जागेवरची बाई पदक बघून गोंधळली. "अहो, मोठे क्रॉस तेवढे परत घेतो आम्ही. पदक घरच्यांचंच असतं. तुमच्या वडिलांनीच तर मला हे शिकवलं." मला आधी हसू आलं, मग तुमचा राग आला. जन्मभर दुसऱ्यांचे क्रॉस गोळा केलेत, आपलाही एक असावा असं वाटलं असेल.

घेतलं का त्यांनी, असं आईने विचारलं. मी हो म्हणालो. "राजाचं राजाला गेलं, बरं झालं," ती म्हणाली. पुढच्या रविवारी चर्चच्या दारात चार बायकांना तेच सांगत होती, अगदी तुमच्या ऐटीत.

पदक माझ्या ऑफिसच्या खणात आहे. आईची वेळ येईल तेव्हा ते तिच्या पेटीत ठेवणार आहे. तुमच्यापर्यंत तीच पोचवेल. हे पत्र मात्र फाडतो. तिला अजून चष्म्याशिवाय वाचता येतं.