सातवी कॉपी

मंगळवार, ४ मार्च

आणि हो, नकाशांचं रजिस्टर मी हातानेच लिहिते! कॉम्प्युटर येतो मला. दोन बोटांनी येतो, पण येतो. हाताने लिहिलं की कोणी कधी काय नेलं ते डोक्यात राहतं, म्हणून लिहिते. प्रोजेक्ट ऑफिसात अकरा वर्षं झाली. आठवी शिकलेय, पण एक कागद इकडचा तिकडे झाला नाही.

असं कालपर्यंत म्हणत होते.

आज साप्ताहिक अहवालावर सही घ्यायला साइटवर गेले. शाळेच्या नव्या इमारतीचं काम. फोरमन म्हणजे आमचे भावोजीच, ह्यांचे धाकटे भाऊ. केबिनमध्ये कोणी नव्हतं. भिंतीवर गॅलरीचा नकाशा चिकटवलेला. सहज कोपऱ्यात बघितलं — आर-२.

आर-२! तो तर रद्द झालाय. फेब्रुवारीतच आर-३ आला. जुन्याच्या शिक्का-नंबर मारलेल्या साती कॉप्या परत घ्यायच्या, प्रत्येकीवर तांबडी रेघ मारायची, मग रजिस्टरात सही करायची. हेच तर माझं काम.

गॅलरीचा स्लॅब बावीस तारखेला टाकून झालाय.

सही न घेताच परत आले.

बुधवार, ५ मार्च

रजिस्टर काढलं. सात गेल्या, सात परत. खाली माझी सही. पण माझ्या हातात सहाच आल्या होत्या. सातवी भावोजींची. तेव्हा, फेब्रुवारीत, फोन केला तर म्हणाले, "वहिनी, ती भिजून लगदा झाली होती. फाडून टाकली. करा सही."

आणि केली मी! कॉपी हातात आल्याशिवाय सही करायची नाही, हे नव्या पोरींना मीच दरडावून शिकवते. घरचा माणूस म्हणून केली.

फाडली म्हणाले, मग भिंतीवर काय होतं?

दुपारी गाठलं त्यांना. सरळच विचारलं, "सळया कुठल्या नकाशाने बांधल्या?"

"नव्याच. का हो?"

"भिंतीवर जुना आहे."

हसले. "वहिनी, तुम्ही कागद सांभाळा, सळया मी सांभाळतो. चहा घेणार?"

घेतला नाही. त्यांचं हसू डोळ्यांपर्यंत गेलंच नाही.

शुक्रवार, ७ मार्च

केबिनची भिंत रिकामी आहे. चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे उरलेत.

शनिवार, ८ मार्च

काही नाही. डोकं दुखतंय.

सोमवार, १० मार्च

मला इंजिनिअरिंगमधलं ओ की ठो कळत नाही. पण मोजता येतं. जुन्या नकाशात दोन सळयांमध्ये आठ इंच. नव्यात सहा. गॅलरी एका बाजूने अधांतरी असते, तिचा सगळा भार वरच्या सळयांवर, म्हणून त्या जवळजवळ घेतल्या — असं डिझाइनवाले साहेब मीटिंगमध्ये म्हणाले होते. मिनिट्स मीच लिहिली होती.

दर आठवड्याच्या अहवालाला फोटो लावतो आम्ही. स्लॅबच्या आदल्या दिवशीचा फोटो काढला, मोठा केला. दोन खांबांमध्ये बारा फूट. सहा इंचांनी पंचवीस सळया यायला हव्यात. आठने एकोणीस.

पेन्सिल टेकवून टेकवून मोजल्या. एकोणीस.

चष्मा पुसून मोजल्या. एकोणीस. मग दुसऱ्या टोकापासून.

चार वेळा मोजल्या! सळया काय वाढणार होत्या?

सध्या खालून टेकू आहेत, म्हणून गॅलरी उभी आहे. टेकू सोमवारी, सतराला काढायचे आहेत. वेळापत्रक माझ्याच हाताने टाइप झालंय. टेकू काढायला खाली आठ माणसं असतात. आणि समजा त्या दिवशी नाही पडली, तर पुढे? मधली सुट्टी झाली की सगळी पोरं गॅलरीत येऊन कठड्यावर ओणवी होणार.

बुधवार, १२ मार्च

कोणाला सांगायचं? प्रोजेक्टच्या मॅडमना सांगितलं की भावोजींची नोकरी गेली. ही नोकरी त्यांनीच लावून दिली मला. हे गेल्यावर पोराच्या कॉलेजात माझ्याबरोबर तेच आले होते. बापाच्या जागी सही त्यांची आहे.

पुन्हा गेले साइटवर. बाजूला घेतलं. म्हटलं, "भावोजी, मी फोटो मोजलाय."

बुटाने खडी ढकलत राहिले. मग म्हणाले, "पोरांनी भिंतीवरचा बघून बांधल्या. नवा फाइलीत होता. मला स्लॅब टाकल्यावर कळलं."

"मग बोला की!"

"काय बोलू? डिझाइनवाले नेहमी जास्तच धरून चालतात, वहिनी. काही होत नाही."

"आणि झालं तर?"

"तर तुमचीही सही आहे."

धमकी नव्हती ती. रडवेले झाले होते.

गुरुवार, १३ मार्च

जाऊबाई भेटली. "ताई, ह्यांचं काय चाललंय? ताट पुढे केलं की उठून जातात. ऑफिसात काही झालंय का?"

म्हटलं, काम जास्त आहे.

किती सहज येतं खोटं!

टेकू निघायला चार दिवस. आज ऑफिसच्या खिडकीतून गॅलरीकडे बघत बसले. वाकली का? वाकलेली दिसते. नाही वाकली. दुपारी कसला तरी धाडकन आवाज झाला आणि मी खुर्चीतून उठून दारापर्यंत पोचले — पाण्याची टाकी उतरवत होते. बाजूच्या टेबलावरची पोरगी म्हणते, "काकू, बीपी तपासून घ्या." तुझं तू बघ म्हटलं.

शुक्रवार, १४ मार्च

सांगितलं.

सकाळी पर्स ठेवली आणि तडक मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम माझ्या मुलाएवढ्या. फोटो ठेवला, रजिस्टर ठेवलं. म्हटलं, "सळया कमी आहेत, आणि सातवी कॉपी न बघता सही मी केली आहे."

मॅडमनी फोटोवर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. सात-आठपर्यंत गेल्या आणि थांबल्या. "काकू, दार लावा."

मग फोनवर फोन. मला नुसतं एवढंच म्हणाल्या, "टेकूला कोणी हात लावणार नाही. तुम्ही बसा. पाणी प्या."

प्यायले.

शनिवार, १५ मार्च

डिझाइनवाले साहेब आले. काँक्रीटच्या आतली सळई दाखवणारं यंत्र असतं. ते गॅलरीवरून फिरवायचं, टिक् वाजलं की खडूने रेघ. सगळे खाली उभे राहून ऐकत होतो. दोन खांबांमध्ये एकोणीस रेघा. साहेब म्हणाले, "पोरांनी भरली असती तर ही गॅलरी टिकली नसती. पाडून नवी करा."

मॅडमनी सगळ्यांसमोर माझा खांदा दाबला. "काकूंमुळे वाचलो." ती बीपीवाली टाळ्या वाजवायला निघाली होती, डोळे वटारले तेव्हा गप्प बसली.

भावोजी टेकूंपाशी उभे होते. एकदाही वर बघितलं नाही.

सोमवार, १७ मार्च

भावोजींना घरी बसवलंय. बुधवारी चौकशी. माझ्या सहीचं काय होणार ते कोणी बोलत नाही. मॅडम म्हणतात, "तुम्ही स्वतःहून सांगितलंत, ते धरलं जाईल."

संध्याकाळी जाऊबाई आली. चप्पल काढली नाही, दारातच उभी. "बाहेरच्याने केलं असतं तर समजलं असतं, ताई." एवढं बोलून गेली. मी मागून हाक मारली. थांबली नाही.

मी बरोबरच केलं. आठ माणसं असती खाली. पुढे पोरं असती. बरोबरच केलं.

खोटं का बोलले मग ते? फाडली म्हणून का सांगितलं? एवढं एक खरं बोलले असते तर मी तेव्हाच जाऊन भिंतीवरून काढून आणली असती.

बुधवार, १९ मार्च

चौकशी झाली. मॅडमनी भिंतीवरची कॉपी मागितली, तशी भावोजींनी ती पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर आमचा निळा शिक्का नव्हता, नंबर नव्हता. सातवी नव्हतीच ती. सातवी खरंच भिजली होती, खरंच फाडली होती. मॅडमनी कागद उलटा केला. मागे पेन्सिलने लिहिलेलं — "आधीची भिजली. ही वापरा." अक्षर माझं. जानेवारीत मीच झेरॉक्स काढून दिली होती, घाईत, रजिस्टरात न लिहिता. बघितल्याबरोबर आठवलं.

मॅडमनी विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

माझं तोंड उघडायच्या आत भावोजी म्हणाले, "मी. वहिनी जेवायला गेल्या होत्या तेव्हा मीच काढली कॉपी."

मी गप्प बसले. त्यांना कामावरून काढलं, मला ठेवलं. यापुढे एक अक्षर लिहिणार नाही. इथेसुद्धा नाही.