ओपलचा फोन

४ नोव्हेंबर
शहर म्हणे! वेशीवरच्या पाटीवर तसं रंगवलंय खरं. एक रस्ता, धान्याची कोठारं, चर्च, पोस्ट आणि हेझलचं कॅफे, संपलं शहर. घराचं मागचं दार नीट लागतसुद्धा नाही. असो. बरी आहेस ना, वही? मी मजेत. मुलगी ओमाहाला कारखान्यात, म्हणून नात कॉरीन माझ्याकडे. हेझल भाजलेल्या बटाट्यांचं भांडं घेऊन आली, वर इथली रीत सांगून गेली. एकट्या म्हाताऱ्यांनी रोज सकाळी एकमेकींना फोन करायचा. इथलीच एक ओपल मला करणार, मी हेझलला. "उठले" म्हणायचं, झालं. उत्तर आलं नाही, तर जिने फोन केला तिनेच जाऊन बघायचं.

९ नोव्हेंबर
ओपल भारी बोलकी. म्हणते, पाद्रीबाबाचं प्रवचन ऐकून मढंही जांभई देईल. चहा सांडेपर्यंत हसले. अजून तोंड पाहिलं नाही तिचं. बर्फ थांबला की ॲपल-पाय भाजून घेऊन जाईन.

१७ नोव्हेंबर
गेले. ओपलच्या दाराला फळ्या ठोकलेल्या. अंगणातल्या बर्फावर पाऊल नाही.
तशीच कॅफेत शिरले. हेझल टेबल पुसतच राहिली, मग बोलली. ओपल गेल्या हिवाळ्यात वारली, फोनपाशी पडून. तिला फोन करायची पाळी हेझलची. उत्तर आलं नाही, पण खिडकीत दिवा होता, म्हणून ही गेली नाही. "कुणाच्या घरात असं घुसायचं नसतं गं, बाई!" तेव्हापासून मेलेली ओपलच हिला रोज फोन करायची. एकदा उत्तर दिलं की रोज द्यावं लागतं. नाही दिलं तर ती बघायला येते.
आणि माझा नंबर ओपलला दिला कुणी? हिनेच, स्वतःची सुटका करून घ्यायला! मी नवी, माझं इथे कोण आहे, म्हणून. म्हटलं, हेझल, तू तुझ्या कॉफीसारखीच आहेस, कोमट आणि पातळ. रडली. रडू दे.

१८ नोव्हेंबर
भिंतीतून फोनची वायर उपटली. तरी वाजला. "उठले" म्हटलं. काय करू?
तिने पोरीचं नाव विचारलं. सांगितलं नाही.

२१ नोव्हेंबर
बर्फाने रस्ता बंद. मुलगी येऊ शकत नाही. माझा घसा सुजलाय, शब्द जेमतेम फुटतो. ओपल म्हणाली, "आवाज बसला का गं, व्हर्ला? उद्या कॉरीनला दे फोन. पोर गोड बोलत असेल."
नाव मी सांगितलं नव्हतं.

२२ नोव्हेंबर
आवाज गेला. पार गेला. फोन वाजतोय. पोर उचलायला धावली, तिला धरून बसले. फोन उचलून लाटणं आपटलं, फुंकलं — ते उत्तर धरत नाही ती, ठेवला की पुन्हा वाजतो —
वाजायचा थांबला.
मागचं दार. ते लागत नाही. टेबल लावलंय, मी त्याला पाठ टेकून, पोर समोरच्या भिंतीशी. बर्फावर पाऊल नाही, पण थाप — सावकाश, शेजारणीसारखी —
"व्हर्ला, उठलीस का?"
ओठ हलवतेय. हवाच नुसती —
टेबल सरकतंय. "कॉरीन, बाळा, तू तरी उठलीस का?"
पोरीने तोंड उघडलं. हात पुरत नाही माझा —
कॉरीन, इकडे बघ, हे वाच. तोंड मिट. उत्तर द्यायचं ते मी, तू ना—