कानातली शिट्टी

९ नोव्हेंबर, रविवार

मशीन पुन्हा ओरडलं. धंतोलीच्या डॉक्टरनं कानात बसवून दिलं तेव्हा म्हणाला होता, "आजी, आता सगळं ऐकू येईल." सगळं म्हणजे काय काय, ते सांगितलं नाही. सुनेचं पुटपुटणं ऐकू येते आता. आधी बरं होतं.

हात कानाजवळ नेला, नाहीतर पदर डोक्यावर घेतला, की मशीन कुईंऽऽ करून शिट्टी मारते. वैशाली, माझी सून, रोज सकाळी एकच मंत्र म्हणते, "आई, नीट बसवा ना ते."

आज नात केतकी धावत आली. मले वाटलं, नीट करून देते बिचारी. तर म्हणते, "आजी थांब! हात काढू नको! पुन्हा कर!" आन आवाज भरून घ्यायले मोबाइल माझ्या कानाशी धरला. मग मी हात ठेवते, काढते, ठेवते, काढते. ती डोळे मिटून ऐकते. "काय सुंदर फीडबॅक आहे गं." म्हणे आवाज आपलाच आवाज ऐकून पुन्हा ओरडते, त्याले फीडबॅक म्हणतात. आमच्या गावात अशा दोघी जावा होत्या.

माझ्या लग्नात मले कोणी सुंदर म्हटलं नाही. आता कानाले म्हणून राहिले.

(हे केतकीच लिहून राहिली. मले अक्षर येत नाही. मी बोलते तसंच लिही म्हटलं, सुधरवू नको. हसू नको. हसली तेही लिही.)

१२ नोव्हेंबर, बुधवार

केतू काय करते ते एकदा लिहून ठेवते. कोणी विचारलं तर माझी बोबडी वळते.

दिवसा ऑफिसात कंप्युटरचं काम. संध्याकाळी मागच्या खोलीत दार लावून आवाज काढते. गाणं नाही. सूर नाही, ताल नाही, शब्द तर नाहीच नाही. माझ्या पाट्याले बटणाएवढा माइक चिकटवते आन वरवंटा फिरवते. तो आवाज वायरीतून दोनचार डब्यांत जाते. बाहेर येते तेव्हा वाटते टिनाच्या छपरावर गारा पडून राहिल्या आन छप्पर रडून राहिलं. याले नॉइज म्हणतात.

"म्हणजे कल्ला?"

"हाव आजी, कल्लाच."

"मग तसं सांग ना. आपल्या घरात तो आधीपासून आहे."

धरमपेठेत कॉफीच्या दुकानावर एक खोली आहे. महिन्यातून एकदा कल्लेवाले तिथं जमतात. सगळे पोट्टे. पोट्टी ही एकच. आधी अजून एक होती, तिचं लग्न झालं.

वैशाली म्हणते, पुढच्या महिन्यात काटोलहून लोक पाहायले येणार आहेत, मागून असा आवाज आला तर सांगायचं काय? प्रकाश, माझा मुलगा, तिकडे बागेवर असते, शनिवारी घरी येते. त्याले विचारलं तर म्हणते, "तिच्या आईले विचार." इकडे आई म्हणते, बाबांना विचार. पोरगी मधात. मले कोणी विचारत नाही म्हणून मी मोकळी.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल केतूचा कार्यक्रम होता. आली, चप्पल फेकली, जेवली नाही.

आज हळूहळू बोलली. खोलीच्या मागं एक टेबल असते, त्याच्यावर सगळ्यांच्या आवाजाची बटणं. यश नावाचा पोट्टा तिथं बसते. कार्यक्रमही तोच भरवते. हिचा आवाज चढत चढत जिथं जायचा होता तिथं पोचला, आन यशनं बटण खाली केलं. एकदम चुप. मग धावत समोर आला, सगळ्यांच्या देखत, "काय झालं? काही बिघडलं का? वायर हलली का?"

काहीच बिघडलं नव्हतं. तो आवाज तिनं महिनाभर बसून बनवला होता. हे समजावेपर्यंत वेळ संपली. दुसरा आला.

हिच्या आधीच्या पोट्ट्याच्या डब्यातून खरोखर धूर निघाला होता. तेव्हा टाळ्या.

"त्याईनं केला तर नॉइज, मी केला तर बिघाड." हे लिहायचं नाही म्हणाली. मी म्हटलं लिही. पाहा, लिहिलं तिनं.

यशले मी ओळखते. एकदा घरी आला होता. पाया पडला, दोनदा पिठलं मागून खाल्लं. चांगला आहे पोट्टा. तीच तर पंचाईत. खराब असता तर चार शिव्या देऊन मोकळी झाली असती.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काल संध्याकाळी रस्त्यानं वरात गेली. डीजे असा, की वाटीतल्या वरणाले लाटा. मी मशीन काढून उशीखाली ठेवलं तरी पोटात वाजून राहिलं. शेजारच्या वानखडे बाई गॅलरीत उभ्या राहून ताल धरून होत्या.

आज सकाळी त्याच बाई दारात. "आजी, तुमच्या केतकीचं काय ते चालते हो मागच्या खोलीत? डोकं उठते. मुलीच्या जातीला शोभते का?"

मी म्हटलं, "आन कालचा डीजे?"

"ते लग्नाचं होतं हो."

म्हणजे कल्ल्याच्या मागं लग्न पाहिजे, मग चालते. केतूले म्हटलं, तुझ्या वरवंट्याचं लग्न लावून टाकू पाट्याशी.

हसली नाही.

मी सून होती तेव्हा संत्र्याच्या बागेत वानरं यायची. आम्ही बाया रिकामा पिपा घेऊन बडवायचो, बोंबलायचो. माझा गळा कोसभर जाये. सासरा बांधावर बसून म्हणे, "अजून जोरात!" सून कल्ला करते असं कोणी म्हटलं नाही. संत्रं वाचत होतं ना. त्याच सासऱ्यासमोर घरात मोठ्यानं शिंकायची चोरी होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

यशचा फोन आला. पुढचा कार्यक्रम सहा डिसेंबरले. म्हणते, "केतकी, या वेळी तू गाण्यासारखं काही कर ना, मागून नॉइज मी देतो. लोकांना जड नाही जाणार." आन जाहिरातीच्या चित्रावर लिहू म्हणे, खास लेडीज नॉइज.

केतू म्हणाली, "लेडीज डबा आहे का हा?"

फोन ठेवला. वायरी गुंडाळल्या, डबे पिशवीत भरले, पिशवी माळ्यावर. पाटा आणून माझ्यासमोर ठेवला. "घे तुझा. वाट चटणी."

उद्यापासून लिहायलेही बसणार नाही म्हणते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

(केतकी बसत नाही, म्हणून आज सूनबाई लिहीत आहेत.)

मी सांगितलं, लिही, माझी सून चांगली आहे. तिनं लिहिलं. लिही, स्वयंपाकही चांगला करते, फक्त भाजीत मीठ…

"आई, हे मी लिहिणार नाही."

"रोजनिशी कोणाची?"

तिनं लिहिलं, पण मीठ कमी की जास्त ते लिहू दिलं नाही.

मग सांगितलं, लिही, चार दिवस मागच्या खोलीतून आवाज नाही. मला करमत नाही. माणूस आजारी असल्यासारखं घर वाटतं.

सूनबाईंचा पेन थांबला. म्हणाल्या, "मलाही चुकल्यासारखं होतं. कुकरची शिट्टी झाली की वाटतं, हिचंच सुरू झालं."

मी म्हटलं, हे लिही. "हे माझं आहे आई, तुमच्या रोजनिशीत कशाला?" पण लिहिलं.

मी विचारलं, काटोलकरांची एवढी भीती आहे का तुला? त्यांच्या घरी बोलायला लागले की पिपाच वाजतो. तर ती वेगळंच बोलली. "काटोलचं नाही हो. तिला समोर उभं करून लोक हसतील, याची भीती वाटते. मुलं वेडेपणा करतात तर लोक म्हणतात, डोकं आहे त्याला. आपल्या मुलीला वेडीच म्हणतील."

 

३० नोव्हेंबर, रविवार

केतू परत आली लेखणीवर. मागचं पान वाचून म्हणाली, "आजी, तू 'मला' कधीपासून म्हणायला लागली?" मी म्हटलं, तुझ्या आईनं मले धुऊन इस्त्री केली.

मग खाली वाचलं. कुकरच्या शिट्टीचं, आन लोक हसतील त्याचं. ते पान पुन्हा वाचलं.  स्टूल लावून माळ्यावर चढली.

यशले फोन करून सांगितलं, गाणार नाही. लेडीज लिहायचं नाही. सगळ्यांना जेवढी वेळ तेवढीच मले. तो म्हणाला, "अगं, मी तर मदतच करत होतो." तो खरंच मदत करत होता. एवढ्या साऱ्या आवाजात त्याले एकच बिघडल्यासारखा वाटला, एवढंच.

या वेळी माझ्या कानाची शिट्टी वाजवणार आहे म्हणते. मी म्हटलं, मग मीही येते, माझा कान जाऊन राहिला तर मी घरी बसून काय करू?

वैशाली म्हणाली, "आई, तुम्हाला सोसणार नाही. आणि तो जिना!"

"तू धरून ने."

"मी नाही यायची."

मग म्हणाली, "तुम्हाला धरायला कोणी तरी हवंच."

७ डिसेंबर, रविवार

काल गेलो. जिना अरुंद, वैशालीनं एका हातानं मले धरलं, दुसऱ्यानं कठडा, आन तोंडानं देवाचं नाव. वर काळे काळे टी शर्ट घातलेले पोट्टे. मले खुर्ची दिली. लुगडं नेसलेली तिथं मी एकटीच. एकानं विचारलं, "आजी, कापूस देऊ कानात?" मी म्हटलं, "काहून गा? मशीनचे पैसे वाया घालवू?"

आम्हाले जागा मिळाली यशच्या टेबलाशेजारी.

केतू उभी राहिली. समोर माझा पाटा. घरात दाराआडून ऐकलं होतं, समोर बसून पहिल्यांदा. खरं सांगू? आवडलं नाही. दात शिवशिवले, छातीत हललं. पण मी मशीन काढलं नाही. दोनदा हात गेला, दोनदा मागं घेतला. मीच काढलं असतं तर यशले काय म्हणणार होती मी?

वरवंटा थांबला. मग शिट्टी आली. माझी. कुईंऽऽ. बारीक होती, मग रुंद झाली, मग भिंतीभर. पोट्टे एकमेकांकडे पाहायले लागले. एक हसला. वैशालीनं माझा हात दाबून धरला होता, बांगड्या रुतल्या.

यश उठला. पोट्ट्याचं तोंड घाबरलेलं. हात बटणाकडे गेला.

आन माझी सून, जी वानखडे बाईंसमोर सुद्धा हळू बोलते, ती उभी राहून अशी ओरडली की त्या कल्ल्यातही ऐकू गेलं. "ते बिघडलेलं नाही! तो आमच्या आईंचा कान आहे! राहू द्या!"

यशचा हात तसाच राहिला. केतूनं वर पाहिलं नाही. पण तिचा हात थोडा हलला आन शिट्टी अजून चढली. तिले जिथं थांबवायची होती तिथंच थांबली.

टाळ्या पडल्या. शिट्ट्याही, तोंडाच्या.

खाली उतरताना वैशाली म्हणाली, "रोज ऐकते मी तो आवाज. मला नाही कळणार?"

११ डिसेंबर, गुरुवार

कोणीतरी मोबाइलवर काढलं होतं. सगळीकडे फिरून राहिलं म्हणतात. केतू नाही, पाटा नाही. वैशाली ओरडते तेवढंच. खाली लिहिलं आहे, काकू रॉक्स. म्हणजे काय ते केतूनं सांगितलं, पण तोंड वाकडं करून.

यशचा फोन होता. पुढच्या वेळी आजीले समोर बसवू, काकूंनी तसंच उठून ओरडायचं. लोकांना लई आवडलं.

केतूनं नाही सांगितलं. मले म्हणाली, "आजी, टाळ्या कोणाले होत्या? मले की आईले? माझ्या आवाजाबद्दल एकानंही विचारलं नाही. बरा होता का, वाईट होता, काहीच नाही."

मी म्हटलं, मले आवडला नाही.

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "काहून नाही आवडला? कुठं नाही आवडला?" आन वही बाजूला ठेवून मांडी घालून बसली. शिट्टी भिंतीभर झाल्यावर मधात एक जागा होती, तिथं मले ती आवरती घेतल्यासारखी वाटली, तेवढं सांगितलं. "हाव, तिथं मी भ्यायली," म्हणाली.

पुढच्या वेळी एकटी जाणार म्हणते. आई नको, आजी नको. मले थोडं लागलं. पण जिनाही वाचला.

१४ डिसेंबर, रविवार

आज प्रकाश लिहून राहिला. काल रात्री बागेवरून आला. त्याचं अक्षर पाहून वैशाली म्हणाली, हे वाचणार कोण? मी म्हटलं, मी तर नाही वाचत, मले काय.

काटोलची मंडळी अकराले येणार आहे. पोहे भिजले. चादर बदलली. वानखडे बाई दोनदा डोकावल्या.

केतू न्हाली, चांगली साडी नेसली, आन तशीच मागच्या खोलीत गेली. दार लावलं. आता सुरू झालं आहे. आधी वरवंटा. आता शिट्टी. ती जागा येऊन राहिली, जिथं भ्यायली होती.

बाहेर गाडी थांबल्यासारखी वाटली. प्रकाश म्हणते, तेच असतील.

म्हटलं, "प्रकाश, जाऊन सांग ना तिले."

"वैशालीले विचार."

वैशाली हात पुसत स्वयंपाकघरातून निघाली. केतूच्या दाराशी गेली. दार वाजवायले हात वर केला आहे. शिट्टी चढून राहिली.

हात अजून वरच आहे.

"पुढं काय लिहू, माय?"

थांब.