दाजींची शंभर डिग्री

आदरणीय दाजी,

'आदरणीय' हे रीतीपुरतं आहे, फुगू नका. मेहुण्यानं दाजींना पत्र लिहायचं तर दुसरं काय लिहिणार?

काल तुमचं तेरावं झालं. सुरतेच्या लिंबायतमधले आपले खानदेशी सगळे जेवून गेले. मंडळाच्या अध्यक्षांनी माइक माझ्या हातात दिला, "सख्खा मेहुणा आहेस, दोन शब्द बोल." मी म्हणालो, "दाजी फार मोठा माणूस होता," आणि खाली बसलो. थू माझ्या जिभेवर! ते वाक्य अजून घशात अडकलंय, म्हणून हे लिहितोय.

मोठे? कशानं हो मोठे? बॉयलरवर तीस वर्षं काढलीत म्हणून? बॉयलर तुमच्याही आधीपासून तिथे होता, त्याला कोणी हार घातला नाही.

सुरतेला तुम्हीच मला आणलंत, ते नाकारत नाही. तुमच्याच प्रिंटिंग मिलमध्ये रंगाच्या खोलीत चिकटवलंत. मी रंग कालवायचो, आणि छापलेलं रेयॉन तुमच्या वाफेच्या पेटीतून जायचं. ओलसर वाफ लागली की रंग धाग्यात बसतो. वाफ कोरडी आणि जास्त तापलेली असली तर तो बसत नाही, धुताना निघून जातो. हे मिलमधल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं.

लाइनमध्ये वाफेचा दाब तीन किलो. वॉल्व्हमधून पेटीत उतरली की दाब जवळजवळ शून्य. भिंतीवरच्या तक्त्यात शून्य दाबासमोर शंभर डिग्री लिहिलेलं. संपलं! तुमची विद्या तिथेच संपली. दसऱ्याला बॉयलरची पूजा झाली की तुम्ही त्या तक्त्यालाही हळदकुंकू लावायचात.

पुष्कळ वर्षं तक्ता खरा ठरला, कारण जुन्या वाफेत थोडं पाणी असायचं. तीन किलोची वाफ शंभरापेक्षा बरीच गरम; दाब उतरला की ही जास्तीची उष्णता ते पाणी सुकवण्यात जायची. मग सेठनं लाइनवर पाणी वेगळं करणारा डबा बसवला आणि वाफ कोरडी झाली. आता सुकवायला पाणीच नाही, तर ती उष्णता जाणार कुठे? वॉल्व्ह काय ती खातो? ती वाफेतच राहिली, आणि पेटीवरचा थर्मामीटर एकशे तीस दाखवायला लागला.

तुम्ही म्हणालात, "थर्मामीटर खोटा." दुसरा मागवला. एकशे तीस. "हाही खोटा." तिसरा मागवला! तीन थर्मामीटर खोटे आणि एक कागद खरा! घराला आग लागलीय असं तीन शेजाऱ्यांनी सांगितलं असतं, तर तुम्ही शेजारी बदलले असते.

दुपट्ट्यांचा लाल गाजरासारखा फिका निघाला. धुताना अर्धा गटारात गेला. मॅनेजरनं दोघांना उभं केलं. "मास्टर, स्टीम बराबर छे ने?" तुम्ही छाती काढून बोललात, "सौ डिग्री, साहेब. मेरी गॅरंटी." "तो फिर?" "कलर का मेरेको क्या मालूम? वो इसके हाथ में है."

इसके! नाव नाही, नातं नाही. मी रंगात पाणी घातलं आणि वाचलेला रंग बाहेर विकला, असं ठरलं. दिवस मावळायच्या आत अख्ख्या लिंबायतमध्ये मी चोर झालो.

मी का नाही बोललो? थर्मामीटर तर रोज बघत होतो. पण दाजींना चारचौघांत उलटं बोलायचं नसतं ना! आईनं लहानपणापासून तेच डोक्यात भरलेलं. तुम्ही आलात की ती पाय धुवायला तांब्या घेऊन उभी राहायची. कसल्या पायांवर पाणी घालत होती बिचारी! आणि मी शहाणा, नोकरी गेली तरी रीत सांभाळत बसलो. माझीही लाज वाटते मला.

पुढे उधन्याच्या मिलमध्ये कापडाचे गठ्ठे बांधले. रंगाला कोणी हात लावू दिला नाही. तेही सोसलं.

पण वैशालीचं लग्न? भाचीला मामानं मांडवात आणायचं असतं, दाजी. सख्खा मामा गावात असताना तुम्ही अमळनेरहून चुलत मामा बोलावलात! मी शेवटच्या रांगेत हातात अक्षता घेऊन उभा होतो. पोर समोरून गेली, बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, असू दे, चोराचा हात धरून कोण बोहल्यावर चढेल?

आणि काल, सगळे गेल्यावर, माझी अक्का भांडी घासता घासता थांबली. "भाऊ, तुना रंग बराबर व्हता. त्यास्नी माले सांगेल शे."

कधी सांगितलं, विचारलं. म्हणाली, पोरीच्या लग्नाच्या आधी. मग सगळंच सांगितलं.

नव्या इंजिनियरनं वाफेच्या पाइपात पाण्याचा बारीक फवारा सोडला, थर्मामीटर शंभरावर आला. रंग तोच, आणि लाल कुंकवासारखा उठला. तुम्ही तिथे उभे होतात. घरी येऊन जेवला नाहीत, बायकोला खरं सांगितलंत, आणि दुसऱ्या दिवशी अमळनेरला फोन लावलात! पडलो तरी नाक वर! किती कोता माणूस हो तुम्ही!

माझी खोली तुमच्यापासून तीन गल्ल्यांवर. "चुकलो रे भास्कर" एवढंच म्हणायचं होतं. मॅनेजरला सांगू नका, मला सांगा. मी तेव्हाच माफ करून टाकलं असतं, इतका मूर्ख आहे मी. शेवटी दवाखान्यात माझा हात घट्ट धरलात, ओठ हलले, मी कान जवळ नेला. तर म्हणे, "चहा घेतला का?" चहा! त्या दिवशी मला रडू आलं होतं. आता कळतं, तोंडाशी आलेलं तुम्ही परत गिळलंत.

अक्का हात जोडून म्हणाली, "पोरले सांगू नको. ती बापले देव मानस." मी तिला शब्द दिला.

तर ऐका, तुम्हालाही वचन देतो. वैशालीसमोर तुमच्याबद्दल वावगं अक्षर काढणार नाही. पण ती टेक्निकल कॉलेजात पोरांना वाफेचीच गणितं शिकवते ना? रविवारी तिच्याकडे जाईन. आत घेतलं नाही तर दारातूनच विचारीन, "पोरी, तीन किलोची कोरडी वाफ वॉल्व्हमधून उघड्यावर सोडली तर किती डिग्री होते?" एवढंच. ती तुमच्यासारखी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघणारी नाही, कागद घेऊन बसेल. मिल कोणती, पेटीवर कोण होतं, रंग कोणाचा होता, सगळं तिला ठाऊक आहे. एकशे तीस उत्तर निघालं की ती मान वर करून माझ्याकडे बघेल. इतक्या वर्षांत बघितलेलं नाही तिनं. मला तेवढंच हवंय. तुमचं काय करायचं ते तिचं ती ठरवील.

तुमचा सख्खा मेहुणा,
भास्कर