अनामिकेशिवाय

कारेलीबाग, बडोदे
१२ ऑगस्ट २०२४

चि. अवंतीस,
विमलआत्याचे अनेक आशीर्वाद आणि थोडा लटका राग.

फोनवर कधीही विचारलं की तू ‘मजामां’ म्हणतेस आणि विषय संपवतेस. म्हणून हे पत्र. कागदावर थापा मारायला हात जड होतो, हा माझा शाळेत मराठी शिकवतानाचा अनुभव.

अलकापुरीच्या एका संगीत मंडळाची माणसं घरी आली होती. जानेवारीत तू बडोद्यात गिटार वाजवावीस असं त्यांचं म्हणणं. युरोपात तू कुठे कुठे वाजवलंस ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी आपली त्यांना चहा देऊन तुझ्या नखांची गोष्ट सांगत बसले. उजव्या हाताची वाढवलेली, डाव्याची कापलेली! वहिनी म्हणायची, ही कणीक मळणार कशी? तू डाव्या हाताने मळून दाखवलीस. पोळ्या काय झाल्या ते लिहीत नाही. तुला बघायला आलेल्यांनी नखांचं विचारलं तेव्हा तुझ्या बाबांनी शांतपणे सांगितलं, ती तिची हत्यारं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या संस्थानच्या फौजेत असलेल्या घरातला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? स्थळ फिसकटलं आणि त्या संध्याकाळी दादा फार खुशीत होता.

दादा नंदेसरीला कारखान्यात पाळीवर असला की फतेगंजला फर्नांडिस सरांकडे शिकवणीला तुला मी सोडायची. स्कूटरवर मागे तू गिटार आडवी धरून बसायचीस आणि रस्ताभर लोक आपल्याला बोलायचे. सर आता चौऱ्याऐंशीचे झाले. तुझा लिस्बनचा कार्यक्रम का रद्द झाला, ते मला विचारतात. मी काय सांगू? काय झालंय, ते खरं लिही.

लोभ आहेच, तो मागत नाही, उत्तर मागते.
तुझी विमलआत्या

—

कोलोन, जर्मनी
३ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नखांची गोष्ट वाचून हसले आणि मग लक्षात आलं की कित्येक दिवसांत ती मी घासून नीट केलेलीच नाहीत.

माझ्या उजव्या हाताची अनामिका माझं ऐकेनाशी झालीय. चमचा धरते, बटणं लावते, सगळं करते. तारेवर ठेवली की मात्र मुडपून तळव्यात शिरते. दुखत काहीच नाही, तेच जास्त वाईट वाटतं. डॉक्टर म्हणतात, दोष बोटात नाही. इतकी वर्षं तेच ते करून मेंदूचा गोंधळ उडालाय. काहींना बरं वाटतं, काहींना नाही.

इथे शिकायला आले तेव्हा वाटायचं, काहीतरी एकच निवडावं लागणार. पण मला दोन्ही हवं होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या स्पॅनिश रचनाही, आणि कालपरवा लिहिलेल्या, गिटारच्या लाकडावर थाप मारायला लावणाऱ्याही. लोकांनी मला बोलावलं ते त्यासाठीच. थापेचा हात मला दिला तो बडोद्याच्या नवरात्राने. आठवतं? गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं म्हणून सर माझ्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हते, आणि शेवटच्या रात्री मैदानाच्या कडेला उभे राहून ऐकत होते.

अलकापुरीला नाही म्हणून कळव. सरांना यातलं काही सांगू नकोस. वरची सुरावट याच बोटाने वाजते, आणि ते घडवायला त्यांनी जिवाचं रान केलं होतं.

वाजवणारी राहिले नाही तरी माझ्यावरची माया राहू दे.
तुझी अवंती

—

कारेलीबाग
२० सप्टेंबर २०२४

चि. अवंतीस, अनेक आशीर्वाद.

अलकापुरीला नाही कळवलं. सरांना मात्र सांगितलं. रागाव हवं तर. त्यांनी तोंडावर विचारल्यावर मला खोटं बोलता येईना.

ऐकून ते उठून आत गेले आणि त्यांची गिटार घेऊन आले. हात थरथरतात म्हणून हल्ली वाजवत नाहीत, पण बराच वेळ तारा जुळवत बसले. मग म्हणाले, “तिला लिहा, वाजवायला येऊ नको. नुसती ये.”

निघताना त्यांनी विचारलं, बाकीची बोटं कशी आहेत? घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. त्यात सगळं त्या एका बोटाबद्दल आहे गं.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. माया तशीच आहे, तिची चौकशी करू नये.
विमलआत्या

—

कोलोन
५ डिसेंबर २०२४

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

‘सगळं त्या एका बोटाबद्दल’ या तुझ्या वाक्याचा मला फार राग आला होता. मग राग राग करतच गिटार काढली.

आता अंगठा आणि दोन बोटांनी वाजवते आहे. जुन्या रचना पुन्हा बसवाव्या लागल्या. काही स्वर सोडून दिले. सोडताना जीव तुटला, नंतर तेवढा नाही. वेग गेला आहे. अनामिका दुमडून बाजूला ठेवते, तरी मधूनच ती उसळते आणि सगळं विस्कटतं. तीन बोटांसाठी मी स्वतः दोन नव्या रचना लिहिल्या आहेत. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच काही लिहिलं.

जानेवारीत येते. अलकापुरीचं सभागृह नको. तुमच्या सोसायटीचा हॉल मिळेल का? शेजारपाजारची माणसं चालतील. सरांना मात्र पहिल्या रांगेत बसवू नकोस. मला त्यांची अजूनही भीती वाटते.

भेटीपर्यंत लोभ सांभाळून ठेव.
अवंती

—

कारेलीबाग
२८ जानेवारी २०२५

चि. अवंतीस, अनेक आशीर्वाद.

कार्यक्रमाच्या रात्री घरात इतकी माणसं होती आणि पहाटे तू विमानतळाला निघालीस, त्यामुळे आपलं बोलणं झालंच नाही. तुझ्या नजरेआड काय झालं, तेवढं लिहिते.

सर पहिल्याच रांगेत बसले. मी मागची खुर्ची दाखवली तर मला म्हणाले की कानाला लांबचं ऐकू येत नाही. तिसऱ्या रचनेत तुझं बोट उसळलं, तेव्हा मी पदर मुठीत धरला. तू थांबलीस. हात उचलून सगळ्यांना दाखवलास आणि म्हणालीस, “हे एक बोट माझं ऐकत नाही. त्याला जरा बसवते, मग पुढे वाजवते.” शेजारच्या हंसाबेन मोठ्याने म्हणाल्या, “शांतीथी बेटा, शांतीथी.” कुणी उठलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. जिथे तुटलं होतं तिथूनच तू उचललंस.

मी तुझ्याकडे पाहत नव्हते, सरांकडे पाहत होते. तू लहानपणी वाजवायचीस तेव्हा त्यांची मान तुझ्या बोटांकडे झुकलेली असायची, चूक पकडायला टपलेली. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटून मान मागे टेकली होती.

मी त्यांना रिक्षाने फतेगंजला सोडलं. घर आलं तरी उतरेनात. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. मग सर म्हणाले, “विमलबेन, इतकी वर्षं मी तिच्या चुका ऐकत होतो. आज तिला ऐकली.”

एवढं बोलून ते उतरले आणि काठी टेकत आत गेले.

पोचल्याचा फोन केलास तेव्हा म्हणालीस की लिस्बनच्या लोकांना बोटाचं आधी सांगून तिथे वाजवणार आहेस, ते बरं केलंस. तिथे हंसाबेन नसतील, पण तसं कुणी ना कुणी असेल.

लोभ इथे भरपूर आहे, लागेल तेव्हा येऊन घेऊन जा.
तुझी विमलआत्या