खिडकीच्या बाहेरची बाजू

मंगळवार, चौदा तारीख

प्रिय आत्या,

नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, सर्दीही गेली. तू कशी आहेस ते नंतर विचारते. आधी ऑफिसचं रडगाणं ऐकून घे.

आमच्या केंद्रात सगळी खाती एका छताखाली आणली आहेत. लोकांनी एकाच खिडकीत अर्ज द्यायचा, पुढची धावपळ आम्ही करायची. निदान बाहेरच्या पाटीवर तरी तसं लिहिलंय. आत मात्र आरोग्यवाले आणि बांधकामवाले उठून एकमेकांच्या टेबलापर्यंत जात नाहीत, पत्रं पाठवतात. ती पत्रं नेणारी मी.

एका बाईंचं प्रकरण सांगते. मांडीचं हाड मोडलंय. चाकाची खुर्ची हवी आणि दारातल्या पायऱ्यांवर उतार हवा. बांधकामचे इंजिनिअर म्हणाले, "खुर्ची आल्याशिवाय उताराची रुंदी कशी काढू? स्वप्नात बघून?" आरोग्याच्या बाई म्हणाल्या, "उतार नसताना खुर्ची दिली आणि पेशंट गडगडला, तर ते इंजिनिअर झेलणार आहेत का?" दोघांचंही बरोबर. बाई घरातच.

असली भांडणं मी रोज सोडवते गं. दोघांना एका गाडीत कोंबायचं आणि अर्जदाराच्या दारात नेऊन उभं करायचं. टेपची दोन टोकं दोघांच्या हातात दिली की आपोआप बोलायला लागतात.

या बाईंसाठी मात्र मी गाडी काढली नाही. का, ते तू ओळखलं असशील. दारातल्या पायऱ्यांकडे बघत दिवस काढणारी ती तूच.

तुझा अर्ज आला तसा मी तो शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे सोपवला. वाढणाऱ्याने आपल्या माणसाच्या ताटाकडे बघायचं नाही, हे तुझ्याच स्वयंपाकघरात, पाढ्यांच्याही आधी शिकले होते. नंतर चौकशीसुद्धा केली नाही. चौकशी म्हणजे दबावच, असं वाटायचं. फोनवर तुला "चालू आहे" म्हणत होते, ते अंदाजानेच.

आज न राहवून सहकाऱ्याला विचारलं, तेव्हा ते खुर्ची-उताराचं भांडण कळलं. तो म्हणाला, "अहो, तुमच्या आत्याचं ना? मला वाटलं, तुम्ही आतून बघताय!" इंजिनिअरांनाही तसंच वाटलं होतं. म्हणजे आख्ख्या केंद्रात वशिला असलेली तू एकटी, आणि जिच्या दारात कुणीच गेलं नाही अशीही तू एकटीच.

इतका संताप आला! त्यांचा, माझा, आणि खरं सांगू, तुझासुद्धा. "घाई नाही गं, आधी गरजूंचं बघ," म्हणे! तुला काय हौस म्हणून खुर्ची हवी होती?

सोमवारची रजा टाकली आहे. साहेबांनी विचारलं, "आजारी आहात?" म्हटलं, "नाही, भाची आहे." रांगेत उभी राहीन, माझ्याच खिडकीसमोर. नियमात बसतं का, म्हणून सगळं परिपत्रक पुन्हा वाचून काढलं. भाचीने रांगेत उभं राहायला कुठेही बंदी नाही. ती दोघं, इंजिनिअर आणि आरोग्याच्या बाई, गाडीत बसल्याशिवाय हलणार नाही.

सोमवारी दार उघडं ठेव. टेप घेऊन येतील. आणि घाई नाही, असं त्यांच्यासमोर चुकूनही म्हणू नकोस.

खिडकीच्या बाहेरच्या बाजूने,
तुझी भाची